टायगर मॉथ आणि जुहूचं हँगर : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

मॉडेलच्या पायाचा प्लाय कापून आणला. बारा मिलिमीटर जाड, ४२ बाय ३६ सेंटिमीटर. त्यावर हँगर बसेल ३१ सेंटिमीटर रुंद आणि २५ खोल. प्रत्यक्षात ते पंधरा मीटर बाय बारा मीटरचं झालं असतं. दारासमोर ११ सेंटिमीटर मोकळी जमीन उरते, तेवढी पुरे.

विमान डी हॅव्हिलंडचं डीएच ८२ए टायगर मॉथ, माप १:४८. जुन्या हिशेबात सांगायचं तर फुटाला पाव इंच. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ८.९४ मीटर, लांबी ७.२९. माझ्या टेबलावर ते १८६ मिलिमीटर रुंद आणि १५२ लांब होईल.

हेच विमान का, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. बाबांचे वडील, आमचे अण्णा, जुहूच्या विमानतळावर एका हँगरमध्ये कामाला होते. पंखांना कापड चढवायचं, शिवायचं, त्यावर डोप (कापड ताणून धरणारं लॅकर) मारायचं, हे त्यांचं काम. १९५० च्या दशकात फ्लाइंग क्लबांमधून टायगर मॉथच असायची. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा उडालेलं हे विमान युद्धाच्या काळात हजारोंनी बनलं (एकूण आठ हजारांच्या वर), आणि युद्ध संपल्यावर ती स्वस्तात क्लबांकडे आली. अण्णांच्या तीन वस्तू आमच्याकडे आहेत. वीतभर लांबीची दाभणासारखी सुई, दोरा ओढून ओढून खाचा पडलेला मेणाचा गोळा आणि एक फोटो. फोटोत विमान स्पष्ट आहे, अण्णा हलले आहेत.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले. ते विमान पस मॉथ, एकपंखी. डी हॅव्हिलंडना पतंग, म्हणजे मॉथ, या कीटकांचा छंद होता, म्हणून ही सगळी मॉथ मंडळी. माझ्या हँगरात मात्र फक्त दुपंखी राहील.

१६ जून

धडाचे दोन अर्धे जोडले. त्याआधी आतली बैठक पूर्ण केली. दोन उघड्या बैठका, एकामागे एक. शिकवणारा पुढे, शिकणारा मागे. एकटं उडायचं असेल तर मागच्या जागेवरूनच. दोघांमध्ये बोलायला बिनविजेची नळी असायची, एका टोकाला बोलायचं आणि दुसऱ्या टोकाने ऐकायचं. ती नळी पातळ तारेची करून पुढच्या बैठकीच्या कडेला चिकटवली. झाकली गेली आहे, पण आहे.

बैठकीचे पट्टे टूथपेस्टच्या जुन्या धातूच्या ट्यूबचे. मागच्या बैठकीची बाजूची झडप उघडी ठेवली, म्हणजे आत नजर जाते.

२३ जून

दिवसभर वरचा पंख.

टायगर मॉथ वरून पाहिलं तर पंख बाणासारखे मागे झुकलेले दिसतात. ते शोभेसाठी किंवा वेगासाठी नाहीत. आधीच्या मॉथ विमानांत पुढची बैठक वरच्या पंखाच्या मधल्या भागाखाली यायची. डोक्यावर पेट्रोलची टाकी, चार बाजूंना चार दांडे. पाठीवर पॅराशूट बांधलेल्या माणसाला संकटात तिथून निसटणं अवघड. म्हणून वरचा पंख पुढे सरकवला. पण पंख पुढे गेला की उचलही पुढे जाते, विमानाचा तोल बिघडतो. मग पंखांची टोकं मागे झुकवून ती उचल पुन्हा मागे आणली. एका माणसाला बाहेर पडता यावं म्हणून अख्ख्या विमानाचा आकार बदलला. टोकं मागे गेल्यावर शेपूट टेकून उभ्या विमानाच्या खालच्या पंखाची टोकं जमिनीच्या जवळ येतात, म्हणून खालच्या पंखाला वरच्यापेक्षा जास्त चढ दिला.

हे कळल्यापासून मी तो झुकाव डोळ्यांच्या अंदाजाने लावायचा नाही असं ठरवलं. जाड पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यात पंख टेकवून जोड सुकवला. दोन्ही बाजू पट्टीने मोजल्या. डावीकडे अर्धा मिलिमीटर जास्त निघाला. जोड सोडवून पुन्हा केला.

३० जून

आज पुण्यात पालख्या. पेठेत जाऊन काही आणायचा प्रश्नच नव्हता, म्हणून घरात आहे त्यातून छपराचे पत्रे.

पन्हाळी पत्र्याच्या दोन लाटांमधलं अंतर तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर. भागिले ४८ केलं की १.६. दहा मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या रॉडचे आटे दीड मिलिमीटरवर असतात. इतकं जवळचं माप फुकट मिळत असेल तर दुसरीकडे कशाला जायचं? पार्सलच्या जेवणाचे फॉइलचे डबे धुऊन सपाट केले, सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाली पसरला, फॉइल त्यावर, आणि पोळी लाटावी तसा रॉड दाबून एकदाच पुढे नेला. एकदाच. परत मागे आणला की दुहेरी रेषा पडतात.

पहिले सहा पत्रे कापले आणि शेजारी शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं की लाटा तिरक्या आहेत. थोड्याच, तीनेक अंश. पण सहा पत्रे एका रांगेत लागल्यावर सगळं छप्पर सरकल्यासारखं दिसायला लागलं. कारण साधं आहे. आटे रॉडभोवती चढत जातात, ते रॉडला अगदी काटकोनात नसतात, त्यामुळे उमटणारी रेषाही तेवढीच कलती. उपाय असा की फॉइल कापताना काटकोन फॉइलच्या कडेला लावायचा नाही, उमटलेल्या लाटेला लावायचा. वाया थोडं जास्त जातं, पण पत्रा सरळ निघतो.

एक पत्रा ५१ बाय १७ मिलिमीटर, म्हणजे आठ फुटी. आज तेवीस झाले. लागतील शंभराच्या पुढे.

७ जुलै

सुटा पंख सुरू केला. कल्पना अशी की विमान पूर्ण उभं असेल आणि शेजारी लाकडी घोड्यांवर एक खालचा पंख, कापड चढवताना अर्ध्यावर थांबवलेला. अण्णांचं काम दाखवायचं तर ते इथेच दिसेल. किटमध्ये असा सांगाडा नसतो, तो हाताने करायचा.

खऱ्या पंखाच्या आत लाकूड असतं, दोन लांब कण्या आणि त्यांवर ओळीने बसवलेल्या फासळ्या. माझ्या कण्या आकाशकंदिलाच्या बांबूच्या कामटीच्या, तासून एक मिलिमीटरवर आणलेल्या. फासळ्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या. सगळ्या एकत्र शिवून एकाच वेळी कानशीने घासल्या म्हणजे एकसारख्या निघतात, मग पातळ सुपरग्लू पाजून कडक केल्या.

फासळ्या लावून झाल्यावर फोटोशी ताडून पाहिलं. एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपेची) जागा सोडायची राहिली होती. टायगर मॉथला एलेरॉन फक्त खालच्या पंखांना असतात, वरच्यांना नाहीत, आणि मी मोजमाप किटच्या वरच्या पंखावरून घेतलं होतं. मागची कणी टोकाकडे कापून फासळ्या आखूड केल्या. दोन तास गेले.

१४ जुलै

कापड म्हणून पतंगाचा कागद. आधी घरात होता तो पिवळा ताव वापरून पाहिला, लॅकर लागताच रंग सुटला. मग पांढरा आणला. पाण्याने किंचित ओला करून सांगाड्यावर पसरला, कडा खळीने चिकटवल्या. वाळताना कागद ताणला गेला आणि प्रत्येक फासळी वर उमटून आली. हा क्षण मला या सगळ्या कामात फार आवडतो. तोवर काड्या आणि कागद असतात, आणि एकदम पंख दिसायला लागतो.

कागद अजून ताठ करण्यासाठी सुतार वापरतात ते एनसी लॅकर, थिनर घालून पातळ. विमानाचं डोप आणि हे एकाच घराण्यातलं, दोन्ही नायट्रोसेल्युलोजचं. कापडात मुरतं, सुकताना आक्रसतं आणि कापड ढोलकीच्या चामड्यासारखं ताणून धरतं. खऱ्या पंखावर आयरिश लिननला हेच होतं.

पहिला हात दुपारी तीनला मारला. बाहेर रिमझिम होती. दहा मिनिटांत पंखावर पांढरी बुरशी आल्यासारखी साय धरली. पुसून जात नाही, आतच आहे.

१५ जुलै

हार्डवेअरच्या दुकानात पंख दाखवला. दुकानदार काका म्हणाले, "पावसाळ्यात एनसी मारायचं नाही ताई, मारलंच तर रिटार्डर घालून." मग कारणही सांगितलं. थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असली की गार पृष्ठभागावर दव धरतं, आणि ते पाणी लॅकरमध्ये शिरलं की लॅकर फुटून पांढरं पडतं. रिटार्डर हळू उडतो, तेवढ्या वेळात पाणी निघून जातं.

रात्री बाबांना डोंबिवलीला फोन केला. ते म्हणाले, "अण्णा पावसात डोपला हात लावत नसत. पांढरं पडतं म्हणायचे. पावसाळाभर नुसती शिलाई, आणि दसऱ्यानंतर डोप."

म्हणजे दुकानातल्या काकांनी आज मला समजावलं तेच अण्णा जुहूला साठ-पासष्ट वर्षांपूर्वी पाळत होते.

१७ जुलै

आषाढी. सकाळपासून ऊन होतं. रिटार्डर घातलेल्या थिनरचा अगदी पातळ हात पंखावर फिरवला आणि टेबल लॅम्पखाली ठेवला. पांढरी साय अर्ध्या तासात विरघळून गेली, लॅकर पुन्हा स्वच्छ झालं. आता पंख पाटाला चार टाचण्यांनी जखडून ठेवला आहे, कारण आक्रसताना नाजूक सांगाडा पिळवटतो.

योजना : मुळाशी कोरं कापड, मध्ये डोपचा पहिला तांबडा हात, टोकाला वरचा चंदेरी. तांबड्या हाताने कापड ताणलं जातं, चंदेरीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीने उन्हापासून वाचतं. एकाच पंखावर तिन्ही टप्पे दिसतील.

२१ जुलै

छपराला आधार देणाऱ्या पाच कैच्या पूर्ण. दीड मिलिमीटरच्या प्लॅस्टिक अँगलच्या, ६२ मिलिमीटरच्या अंतराने उभ्या केल्या. जोडांवरच्या पट्ट्या कागदाच्या. यात लिहिण्यासारखं फार नाही, पाचही एकाच आखलेल्या कागदावर चिकटवल्या की काम होतं.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. आमच्याकडे वीज नाही. पत्रे आणि पंख एका डब्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले.

जुहूची जमीनही पावसाळ्यात पाण्याखाली जायची. टाटांची टपालविमानं त्या महिन्यांत पुण्याला हलवत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरवत. आज त्या बाजूला बघितलं तर नुसता पाऊस दिसतो.

४ ऑगस्ट

छप्पर आणि भिंती लागल्या. एकूण १२७ पत्रे.

गंज चढवला. बाजारात गंजाचे तयार रंग मिळतात, पण किराणा दुकानातला गेरू आणि दिव्याची काजळी यांच्यासारखं काही नाही. गेरू स्पिरिटमध्ये कालवून बारीक ब्रशने लावला. गंज कुठे धरतो हे महत्त्वाचं. पत्रा मधोमध फारसा गंजत नाही. गंज खिळ्यांच्या टोपीखाली सुरू होतो, जिथे पत्र्यावर पत्रा चढतो तिथे पाणी अडतं म्हणून तिथे, आणि खालच्या कडेला, जिथे जमिनीचा ओलावा असतो. जुहूला समुद्र पश्चिमेला, खारा वारा तिकडूनच. म्हणून पश्चिमेची भिंत जास्त खाल्लेली, पूर्वेची जवळपास राखाडी. दार उत्तरेला ठेवलं आहे, त्यामुळे बघणाऱ्याला या दोन्ही भिंतींच्या आतल्या बाजू दिसतात.

११ ऑगस्ट

इंजिन. जिप्सी मेजर, चार सिलिंडर, १३० अश्वशक्ती, उलटं टांगलेलं. सिलिंडर खाली लोंबतात आणि मुख्य दांडा वर. त्यामुळे नाक उतरतं होतं, वैमानिकाला समोरचं बरं दिसतं, आणि पंखा जमिनीपासून उंच राहतो. सिलिंडर म्हणजे प्लॅस्टिकची दांडी आणि तिच्यावर जुन्या इअरफोनमधल्या तांब्याच्या तारेचे वेढे, थंडाव्याच्या पट्ट्यांसाठी. चार सिलिंडर, प्रत्येकी वीस वेढे. डाव्या बाजूचं झाकण उघडं ठेवलं. खाली तेल झेलायला औषधाच्या गोळ्यांच्या फॉइलची परात.

या विमानाला ब्रेक नाहीत, शेपटीला चाकाऐवजी घसरती पट्टी, आणि इंजिन सुरू करायला पंखा हाताने फिरवावा लागतो. म्हणून चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे. ते विसरले असते तर जाणत्या माणसाला विमान घरंगळत निघालेलं दिसलं असतं.

१५ ऑगस्ट

बाबा आले. राखीपर्यंत राहतील, आत्याकडे जायचं आहे.

दार उघडून आत आले आणि खोलीच्या उंबऱ्यावरच थांबले. सकाळीच मी लॅकरचा हात दिला होता, त्याचा पिकल्या केळ्यासारखा वास भरलेला. "अण्णांच्या सदऱ्याला हा वास यायचा," म्हणाले. "धुतला तरी जायचा नाही."

चहा झाल्यावर हँगर दाखवलं. छप्पर त्यांना आवडलं, पश्चिमेच्या भिंतीवर बोट फिरवून पाहिलं. मग सुट्या पंखाशी बराच वेळ वाकून बसले. मला वाटलं, तीन रंग बघताहेत.

"अगं, हा आडवा कसा?"

"घोड्यांवर ठेवलाय, शिवायला."

"शिवताना पंख आडवा नसायचा. उभा. पुढची कड खाली, गादीवर टेकवून. आडवा ठेवला तर खालच्या बाजूला कोण झोपणार?"

आणि मग जे सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहिते. पंखाच्या दोन्ही अंगांना कापड असतं आणि मध्ये फासळी. टाका दोन्ही कापडांतून, फासळीला वळसा घालून परत यायला हवा. म्हणून पंख उभा करायचा आणि दोन बाजूंना दोन माणसं. एकाने सुई आरपार घालायची, दुसऱ्याने ती ओढून घेऊन फासळीच्या दुसऱ्या बाजूने परत पाठवायची. प्रत्येक टाक्याला गाठ. चार बोटांवर एक टाका, हे अण्णांचं माप. १९५९ च्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णांचा जोडीदार गावाला गेला होता. बाबा नऊ वर्षांचे. अण्णांनी त्यांना चार दिवस बरोबर नेलं आणि पंखाच्या पलीकडे उभं केलं.

"मला अण्णा दिसायचेच नाहीत. पंख माझ्या डोक्याच्या वर. कापड कोरं असतं तेव्हा उजेड आरपार येतो, त्याच्यावर त्यांच्या हाताची सावली दिसायची. मग टक् करून सुईचं टोक बाहेर यायचं. मी ओढायचो. ते तिकडून म्हणायचे, सरळ, सरळ धर. मी परत घालायचो. चार दिवस हेच."

इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कधी सांगितलेलं नाही. ती सुई आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे, मी लहानपणापासून बघते, आणि ती ओढणारे दुसरे हात बाबांचे होते हे मला आज कळलं.

तीन रंगही चुकीचे, हे जाता जाता सांगितलं. आधी अख्खा पंख शिवायचा, मग अख्ख्याला डोप. शिलाई चालू असलेल्या पंखावर तांबडा-चंदेरी असणं शक्यच नाही.

१६ ऑगस्ट

पहिला पंख वाया घालवत नाही. सगळा तांबडा केला आणि मागच्या भिंतीला टेकवला, डोप चालू असलेला म्हणून. चंदेरी हात दिलेलं एक सुकाणू तारेने कैचीला टांगलं. सुकाणू, एलेरॉन अशी लहान अंगं सुकायला टांगून ठेवत, हेही बाबांनीच सांगितलं.

नवा पंख सुरू. साचे तयार असल्याने सांगाडा एका संध्याकाळीत झाला.

१८ ऑगस्ट

कागद चढवला. यावेळी लॅकर नाही, फक्त पाण्याने ताणलेला. कोऱ्या लिननचा रंग पांढराफेक नसतो, म्हणून कागद आधी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला. दिव्यासमोर धरला तर फासळ्या आतून सावलीसारख्या दिसतात.

टाके. चार बोटं म्हणजे तीन इंच, १:४८ मध्ये पुन्हा तेच १.६ मिलिमीटर. छपराचं माप आणि शिलाईचं माप एक निघालं, मग रॉडचे आटेच पट्टीसारखे फासळीवर टेकवले आणि बारीक पेन्सिलीने खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर टोकदार सुईने कागदाला ठिपका, आणि ठिपक्यात पांढऱ्या गोंदाचा कण, गाठ म्हणून. तीन फासळ्या पूर्ण, चौथी अर्धी, पुढच्या कोऱ्या. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. चौथ्या फासळीचा सातवा टाका झाल्यावर म्हणाले, "इथे थांब."

१९ ऑगस्ट

बाबा राखीला जाऊन तिथूनच परत गेले. जाण्याआधी त्यांच्याकडून अण्णांची बैठक समजून घेतली. लाकडी खोक्यावर बसलेले, डावा तळवा कापडाला लावलेला, कुठे टोचायचं ते चाचपायला, उजव्या हातात सुई. खाकी अर्धी चड्डी, बाह्या दुमडलेला सदरा, पायात काही नाही. चपला दाराबाहेर. डोपचा कापडावर मारा असला की वाळू आत यायला नको म्हणून सगळेच अनवाणी.

२५ ऑगस्ट

तारा. सगळ्यात जास्त भीती याचीच होती.

दुपंखी विमानाचे पंख दांड्यांवर उभे दिसतात, पण त्यांना धरून ठेवतात तारा. विमान उडतं तेव्हा पंख वर जायला बघतात, त्यांना धडाच्या तळापासून वरच्या पंखाकडे गेलेल्या तारा खाली ओढून धरतात. जमिनीवर उभं असताना पंखांचं वजन उलट दिशेच्या तारा पेलतात. एका वेळी एकच संच जोर काढतो, दुसरा वाट बघतो. खऱ्या तारा गोल नसतात, हवा कापली जावी म्हणून चपट्या. त्यासाठी रविवार पेठेतून बदला, म्हणजे भरतकामाची चपटी तार, आणून पाहिला. या मापाला रुंद पडतो आणि फार चमकतो. शेवटी ०.१२ मिलिमीटरचा मासेमारीचा नायलॉन, चंदेरी पुसलेला.

क्रम : आधी जमिनीवरच्या तारा, मग उडतानाच्या. प्रत्येक तार खालच्या भोकात चिकटवायची, वरच्या भोकातून ओढून चिमट्याचं वजन लावायचं, थेंबभर सुपरग्लू. उरलेली ढील काढायला उदबत्ती. निखारा तारेखाली बोटभर अंतरावरून सावकाश फिरवला की नायलॉन आक्रसतो आणि तार सरळ होते. उजवीकडची तिसरी तार मी जवळून नेली आणि ती तुटली. तुटताच वरचा पंख डावीकडे केसभर सरकलेला दिसला. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या पंखालाही तार ओढते, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. नवी घातली, दोन्ही बाजूंना आळीपाळीने ताण दिला, पंख जागेवर आला.

रात्री अकराला शेवटची. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, "अण्णा अंगठ्याने दाबून बघायचे. तू बघू नकोस."

१ सप्टेंबर

जमीन. आत सिमेंटचा कोबा, बाहेर वाळूमिश्रित माती. कोब्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस राखाडी रंगात कालवून ओतलं, सुकल्यावर पॉलिश पेपर. विमानाच्या नाकाखाली तेलाचे जुने डाग, जुन्या डागावर नवा डाग. पंखाच्या जागेखाली डाग नाहीत, तिथे झाडलोट असणार.

धडावरची अक्षरं : भारतातल्या विमानांची नोंद व्हीटीने सुरू होते. पुढची तीन अक्षरं मी लिहिली नाहीत, कारण कुठलीही लिहिली तरी ती कुठल्या तरी खऱ्या विमानाची असणार आणि त्या विमानाबद्दल मी काहीतरी खोटं सांगत असेन. धडाच्या मागच्या भागावर जुनी ताडपत्री टाकली आहे, व्ही आणि टी दिसतात, बाकी झाकलेलं.

९ सप्टेंबर

घरात गणपती, म्हणून काम रात्री उशिरा. अण्णांची मूर्ती एम-सीलची, आतून तांब्याची तार. उंची बसलेली १८ मिलिमीटर. डाव्या तळव्याची बोटं चार वेळा केली. आधी पसरलेली होती, त्यात चाचपणं दिसत नव्हतं. आता तीन बोटं कापडाला टेकलेली आणि करंगळी सुटी.

मुलगा २७ मिलिमीटर, म्हणजे १.३ मीटर. गादीवर उभा केलेला पंख त्याच्यापेक्षा थोडा उंच राहतो. डोक्याचा शेंडाही समोरून दिसत नाही. बघणाऱ्याला तो दिसण्यासाठी हँगरच्या बाजूने वाकावं लागेल. तसाच ठेवला.

२२ सप्टेंबर

छपरातल्या काचेच्या पत्र्याच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिक बसवलं आणि वर एक पिवळट एलईडी. मुलाच्या मागे दुसरी, लहान. ती लावली की कोऱ्या कागदावर त्याच्या हाताची सावली अण्णांच्या बाजूला उमटते. बाबांनी सांगितलं ते उलट होतं, त्यांना अण्णांची सावली दिसायची. म्हणून ती एलईडी काढून अण्णांच्या पाठीमागे दाराच्या वरच्या बाजूला लावली. आता सावली मुलाच्या बाजूला पडते आणि वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

सुई ४.८ मिलिमीटर, सर्वांत बारीक तारेची. चौथ्या फासळीच्या सातव्या टाक्यात घातली, टोक पलीकडे तीन मिलिमीटर बाहेर. मुलाचा हात त्यापासून एक मिलिमीटरवर, अजून पकडलेली नाही.

काचेची पेटी गुरुवारी मिळणार आहे.